चिपळूणची मारुती ८०० आणि पुन्हा पुन्हा जड होणारा क्लच : एक प्रकरण अभ्यास

२०१९ च्या जुलैमध्ये चिपळूणचे एक निवृत्त मुख्याध्यापक आपली २००६ सालची मारुती ८०० घेऊन कराडला माझ्याकडे यायला निघाले आणि कुंभार्ली घाटात, पोफळी मागे टाकून काही वळणे चढल्यावर, गाडीने मान टाकली. इंजिन बंद पडले नव्हते. ॲक्सिलरेटर दाबला की त्याचा आवाज चढत होता, पण त्या मानाने गाडी पुढे सरकत नव्हती, आणि थोड्याच वेळात आत करपल्याचा वास पसरला. सरांनी (मी त्यांचा जुना विद्यार्थी असल्यामुळे या लेखातही त्यांना सरच म्हणणार आहे) गाडी कडेला घेतली, चाकाला दगड लावला, भर पावसात तासभर थांबून क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा-सोडवणारा भाग, निवू दिला आणि मग पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, अजिबात रेटारेटी न करता, ती हेळवाकपर्यंत चढवली. तिथून पाटणमार्गे कराडपर्यंत मोठा चढ नाही, म्हणून ती माझ्या दारापर्यंत पोचली.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या वर्गाचा निदेशक आहे. क्लच केबलची जुळवणी हा आमच्या अभ्यासक्रमातला अर्ध्या तासाचा विषय आहे : पट्टी लावा, फ्री प्ले (विरोध लागण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल) मोजा, नट फिरवा, लॉकनट (पहिला नट जागेवर धरून ठेवणारा दुसरा नट) आवळा, झाले. या गाडीने मात्र त्या अर्ध्या तासाच्या विषयावर चार महिने घेतले, आणि त्या काळात माझे निदान एकदा अर्धवट ठरले. तेव्हापासून प्रत्येक नव्या तुकडीला मी हे प्रकरण सविस्तर सांगतो, आणि इथेही ते त्याच क्रमाने मांडत आहे.

आधी सरांनी सांगितलेला पूर्वेतिहास. साधारण मे महिन्यापासून क्लचचे पेडल जड लागू लागले होते आणि रिव्हर्स टाकताना गिअर कडकड वाजत होता. ओळखीच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून केबलचा नट आवळून दिला, त्यावर पंधरा-वीस दिवस बरे गेले. तक्रार पुन्हा सुरू झाल्यावर त्याने तो आणखी आवळला. घाटातला प्रसंग त्यानंतर दहाव्या दिवशी घडला. बोलता बोलता सरांनी आणखी एक माहिती दिली, की २०१७ मध्ये गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा सगळा संच बदलला होता. ही बाब मी वहीत टिपून ठेवली, पण त्या वेळी तिच्यातून एवढाच अर्थ काढला की प्लेट अजून फारशी झिजलेली नसावी. तो अर्थ बरोबर होता, पण पुरता नव्हता.

पुढचे समजण्यासाठी या क्लचची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. इंजिनबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हील या जड चाकावर प्रेशर प्लेट क्लच प्लेटला दाबून धरते, म्हणून इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. उजव्या बाजूला पेडल, डाव्या बाजूला गिअरबॉक्स, आणि दोघांना जोडणारी एक केबल. केबल म्हणजे पोलादी तारांचा पीळ आणि त्याला आवरून धरणारे बाहेरचे कवच. या कवचातही पोलादी तारेचे वेटोळे असते, त्याच्या आत प्लॅस्टिकची गुळगुळीत नळी आणि बाहेरून काळे आवरण असते. सायकलच्या ब्रेकलाही हीच युक्ती असते. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. कवच दोन्ही टोकांना पक्के धरलेले असते, त्यामुळे आतली तार ओढली की ती वाकड्यातिकड्या वाटेनेही ओढ पोचवते आणि गिअरबॉक्सवरचा रिलीज लिव्हर खेचते. लिव्हर आतल्या फोर्कला फिरवतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगची, म्हणजे थाळीसारख्या स्प्रिंगची, मध्याकडे आलेली बोटे दाबते. बोटे आत गेली की स्प्रिंगची बाहेरची कड उचलली जाते, प्रेशर प्लेट मागे सरते आणि क्लच प्लेट मोकळी होते.

पेडलवरून पाय काढल्यावर बेअरिंग आणि बोटे यांच्यात किंचित मोकळीक राहिली पाहिजे. या गाडीसाठी ती लिव्हरच्या टोकाशी २ ते ४ मिलिमीटर आणि पेडलवर १५ ते २५ मिलिमीटर धरतात. मोकळीक नसेल तर बेअरिंग सतत बोटांवर टेकून राहते, सतत फिरून झिजते, आणि स्प्रिंगचा काही जोर नेहमीच उचललेला राहिल्यामुळे प्लेटवरची पकड कमी पडते. सपाट रस्त्यावर ही उणीव जाणवत नाही. घाटात, चाकांवर भार आला की प्लेट घसरते, घसरण्यातून तापते आणि तापली की आणखी घसरते. याउलट मोकळीक जास्त झाली तर पेडल पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही, आणि रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर पडण्याआधी दात्यांचा वेग जुळवणारा भाग) नसल्याने सर्वांत आधी तोच गिअर ओरडतो.

इथे एका गोष्टीवर मी नेहमी रेंगाळतो, कारण अनुभवी मिस्त्रीदेखील तिच्यात फसतात. केबल सैलावली की फ्री प्ले वाढतो, हे सर्वांना ठाऊक असते. क्लच प्लेट झिजली की मात्र तो कमी होतो. प्लेट पातळ झाल्यावर प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, त्यामुळे स्प्रिंगची बोटे तरफेच्या न्यायाने उलट्या दिशेला, म्हणजे बेअरिंगच्या अंगावर येतात. केबलचे वय आणि प्लेटची झीज अशा रीतीने एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात. ‘गाडी जुनी झाली, नट आवळा’ हा सरधोपट उपाय त्यामुळे निम्म्या वेळा उलटा पडतो, आणि तो कधी उलटा पडणार हे पट्टी लावल्याशिवाय कळत नाही.

सरांच्या गाडीकडे वळतो. हँडब्रेक पूर्ण ओढून, चारही चाकांना गुटके लावून आणि समोर कोणी उभे नाही याची खात्री करून मी चौथ्या गिअरमध्ये थोडा ॲक्सिलरेटर देत क्लच सोडला. क्लच धड असेल तर अशा वेळी इंजिन जागच्या जागी बंद पडते. इथे ते कुरकुरत काही क्षण चालूच राहिले आणि मग बंद पडले. प्लेट घसरत असल्याची खात्री पटायला तेवढे पुरे होते. ही चाचणी स्वतःच प्लेट तापवते, म्हणून ती एकदाच करावी. मग पेडलजवळ सहा इंची पट्टी उभी धरून हाताने पेडल दाबले, तर विरोध लागण्यापूर्वी ते जेमतेम ३ मिलिमीटर हलत होते. बॉनेट उघडून लिव्हर बोटांनी हलवून पाहिला, तर तो अजिबात हलला नाही. नटाच्या पुढे आट्यांची चकचकीत लांबी उघडी पडली होती आणि तिथल्या काजळीवरून नट कुठून कुठवर आवळत आणला आहे ते सरळ दिसत होते.

मी लॉकनट सोडला, केबलचे टोक फिरू नये म्हणून ते पक्कडीने धरले आणि लिव्हरला ३ मिलिमीटर मोकळीक मिळेपर्यंत मुख्य नट मागे घेतला. हिशेबाप्रमाणे पेडलवर आता वीसच्या आसपास आकडा यायला हवा होता. पहिल्या मोजणीत १४ आला. पेडल चार वेळा दाबून सोडले आणि पुन्हा मोजले, तेव्हा २६. तिसऱ्या खेपेस १९.

तीन वेळा मोजून तीन आकडे येणे हे माझ्या दृष्टीने त्या दिवसाचे खरे निदान होते. नट चुकीच्या जागी असेल तर आकडा चुकीचा येतो, पण तो दर वेळी तोच चुकीचा आकडा असतो. आकडा बदलत राहतो तेव्हा ओढ नेणारी केबलच अडकत असते. खात्रीसाठी मी एका विद्यार्थ्याला पेडल पूर्ण दाबून हळूहळू सोडायला सांगितले आणि लिव्हरवर नजर ठेवली. पेडल वर येऊन थांबले, पण लिव्हर त्यानंतरही दोन-एक मिलिमीटर अलीकडेच घुटमळला आणि बोनेटच्या कडेवर थाप मारल्यावर टचकन मागे गेला. क्लच दाबून सोडल्यावर बेअरिंग बोटांवर रेंगाळत होते, ते यामुळे. मग केबलचे टोक लिव्हरमधून मोकळे केले. लिव्हर आता आपल्या मोकळ्या अंतरात सहज हलत होता, त्यात खरखर नव्हती; म्हणजे फोर्क आणि बेअरिंगची बाजू ठीक होती. केबलची तार मात्र हाताने ओढताना वाळूतून ओढल्यासारखी येत होती.

केबल काढून टेबलावर सरळ केली आणि कवच मधोमध चिरले. आतली प्लॅस्टिकची नळी ज्या ज्या ठिकाणी केबलला बाक होता तिथे खोल चरली होती. तार नळीत रुतून बाकाच्या आतल्या अंगाने जवळची वाट काढत होती. तिची वाट अशी आखूड झाल्यामुळे ती सैलावल्यासारखी वाटत होती आणि पेडल खाली जात होते. मिस्त्रीने ते सैलावणे पाहून नट आवळला, यात त्याला फार दोष देता येणार नाही. पण आवळल्यावर ओढ वाढली, तार आणखी रुतली, आणि शेवटी मोकळीक संपून घाटात प्लेट घसरली. गिअरबॉक्सच्या बाजूच्या ब्रॅकेटजवळ कवचाच्या काळ्या आवरणावर मला बारीक फोडही दिसले. इंजिनच्या उष्णतेने आले असतील, असे म्हणून मी ते सोडून दिले. ही माझी चूक.

नवी केबल बसवताना वाट जुनीच ठेवली. बाक मोठे आणि सहज राहतील, कवच कुठेही चेपणार नाही आणि गरम भागांना टेकणार नाही, एवढी काळजी घेतली. नट बोटांनी लावून पेडल दहा-बारा वेळा पूर्ण दाबले, कारण नव्या केबलचे कवच आपल्या टोप्यांमध्ये बसेपर्यंत पहिले माप खोटे येते. त्यानंतर लिव्हरला ३ आणि पेडलवर २० मिलिमीटर धरून लॉकनट आवळला. तीनदा मोजले, तिन्ही वेळा आकडा २० च्या आगेमागे. चौथ्या गिअरच्या चाचणीत इंजिन लगेच बंद पडले. इंजिन चालू ठेवून, क्लच दाबून तीन-चार सेकंदांनी रिव्हर्स टाकला, तो निमूटपणे पडला. सर त्याच संध्याकाळी घाट उतरून गेले आणि मी हे प्रकरण संपले असे समजलो.

दसऱ्याच्या सुमारास त्यांचा फोन आला. “अरे, पेडल पुन्हा जड झालंय. तू बसवलेली केबल तीन महिन्यांत गेली का?”

माझ्या मनात पहिला संशय दुकानदाराविषयी आला. डुप्लिकेट माल कसा असतो हे आम्ही रोज पाहतो, आणि तीन महिन्यांत केबल जाण्याचे दुसरे कारण मला सुचत नव्हते. मी फोन करून दुकानदाराला थोडे लागेल असे बोललोही. त्याने बिल काढून दाखवले, माल कंपनीचाच होता. त्याची माफी मी नंतर प्रत्यक्ष जाऊन मागितली.

सर गाडी घेऊन आले तेव्हा योगायोगाने माझा वर्ग सुरू होता, म्हणून मुलांसमोरच तपासणी केली. चित्र तेच : पेडलवरचा आकडा दर वेळी वेगळा, लिव्हर मागे रेंगाळणारा. केबल काढण्यापूर्वी एका मुलाने सरांना साधा प्रश्न विचारला, की गाडीत आणखी काही बदल जाणवतो का. सर म्हणाले, “सकाळी सेल्फ जरा मरगळल्यासारखा फिरतो. पण बॅटरी वर्षभरापूर्वीचीच आहे, आणि दिवे तर चांगले लागतात.”

दिवे चांगले लागतात, हे वाक्य ऐकून मी थांबलो. बॅटरी उतरलेली असेल तर सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मारताना हेडलाइट चांगलेच मंद होतात. इथे सेल्फ मरगळत असूनही दिवे टिकून असतील, तर बॅटरीत जोर आहे आणि तो सेल्फपर्यंत पोचताना वाटेत कुठेतरी अडतो आहे. हेडलाइटची परतीची वाट बॉडीतून जाते. सेल्फची परतीची वाट इंजिन आणि गिअरबॉक्सच्या धातूतून. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने जवळजवळ तुटलेले असतात, आणि म्हणून त्यांच्यासाठी वेगळी जाड अर्थिंगची वायर लागते. ती वायर बिघडली तर सेल्फचा प्रवाह दुसरी वाट शोधतो. बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी धातूची दुसरी वाट कोणती, हा प्रश्न मी मुलांना विचारला आणि उत्तर देण्याआधीच दोन-तीन जणांच्या नजरा केबलकडे वळल्या.

मोजमाप करणे सोपे होते. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलचा कपलर काढला, मल्टिमीटरची एक टोची बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी गिअरबॉक्सच्या केसिंगवर, खरवडून स्वच्छ केलेल्या धातूवर टेकवली आणि चार सेकंद सेल्फ मारायला सांगितला. जोड चांगले असतील तर हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या बराच खाली राहतो. इथे तो १.८ व्होल्ट आला. बॅटरीचे ऋण टोक आणि बॉडी यांच्यात मात्र जवळजवळ काहीच पडत नव्हते, म्हणजे बॉडीची वायर शाबूत होती आणि बिघाड गिअरबॉक्सच्या वायरीतच होता. दुसऱ्यांदा सेल्फ मारल्यावर लगेच मी क्लच केबलच्या कवचाला ब्रॅकेटपाशी हात लावला. इंजिन तोवर निवले होते, तरी ते कोमट लागत होते. मुलांनीही एकेकाने हात लावून पाहिला.

फळ्यावर आम्ही हिशेब मांडला. सेल्फने ८० अँपिअर ओढले असे धरले, तर १.८ गुणिले ८० म्हणजे १४४ वॅट एवढी उष्णता त्या खराब वाटांमध्ये निघते. ती सगळी एकट्या केबलमध्ये निघत नाही; काही त्या कुजक्या जोडावर, काही ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये, कारण तीही बॉडीपासून इंजिनपर्यंत जाते. तरीही त्यातला मोठा वाटा बारीक तारेच्या वेटोळ्यात, प्लॅस्टिकच्या नळीला लागून, सेल्फ फिरतो तेवढे सेकंद निघत राहतो. सर चिपळुणात दिवसातून चार-पाचदा जवळच्या फेऱ्या करतात, म्हणजे तेवढ्याच वेळा सेल्फ. दर वेळी नळी किंचित मऊ होणार आणि त्याच क्षणी, गाडी सुरू करताना क्लच दाबण्याच्या सवयीमुळे, ताणलेली तार तिच्यात रुतणार. ही सवय एरवी चांगलीच आहे, म्हणून सरांना ती सोडायला सांगण्याचा प्रश्न नव्हता.

बॅटरी आणि तिची ताटली काढल्यावर गिअरबॉक्सवरचा अर्थिंगचा बोल्ट हाती लागला, आणि ‘हाती लागला’ हे शब्दशः खरे आहे, कारण तो पान्याशिवाय, बोटांनी फिरत होता. वायरीच्या टोकाचे थिंबल (बोल्टखाली बसणारी तांब्याची कडी) हिरवट झाले होते, त्याखाली केसिंगवर तेल आणि चिखलाचा काळा थर होता आणि बोल्टखाली वॉशर नव्हता. २०१७ मध्ये क्लचचा संच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवला तेव्हा ही वायर सोडावी लागली असणार. परत लावताना ती नुसती अडकवली गेली, आणि कोकणातल्या दोन पावसाळ्यांनी उरलेले काम केले. पहिल्या भेटीत वहीत टिपलेली ती ओळ मी मुलांना वाचून दाखवली. उत्तर माझ्याच अक्षरात तीन महिने पडून होते, आणि आवरणावरचे फोड तर मी डोळ्यांनी पाहिले होते.

एका मुलाने रास्त शंका काढली, की जोड २०१७ पासून सैल होता तर पहिली केबल दोन वर्षे टिकली आणि दुसरी तीन महिन्यांतच कशी गेली. सैल जोड पहिल्या दिवसापासून सारखाच वाईट नसतो. सुरुवातीला धातूला धातू टेकलेला असतो आणि बहुतेक प्रवाह तिथूनच जातो. जसजसा गंज चढतो आणि प्रत्येक सेल्फच्या वेळी जोड तापतो, तसतसा त्याचा विरोध वाढतो आणि केबलच्या वाट्याला अधिकाधिक प्रवाह येतो. दुसरी केबल बसली ती नेमकी जोड पुरता कामातून गेल्यावर आणि भर जुलैच्या पावसात.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. थिंबल वायर ब्रशने घासून तांबे चमकेपर्यंत स्वच्छ केले, केसिंगवरची जागा पॉलिश पेपरने उघडी केली, दातेरी वॉशर घालून बोल्ट नीट आवळला आणि आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावली. आधी जेली आणि मग बोल्ट असा उलटा क्रम अनेकजण करतात. मला तो पटत नाही, कारण जोडाच्या आत कोरडा धातूच हवा. पुन्हा सेल्फ मारून मोजले : ०.१५ व्होल्ट. सेल्फचा आवाजच बदलला होता, तो ऐकून सर खुर्चीतून उठून गाडीजवळ आले. ॲक्सिलरेटरची केबलही काढून पाहिली, ती सुदैवाने मोकळी फिरत होती.

क्लच केबल मात्र तिसरी घालावी लागली, कारण चरलेली नळी बरी होत नाही आणि तीत तेल सोडणे हे चार दिवसांचे समाधान असते. बसवल्यावर पुन्हा तोच क्रम : पेडल बारा वेळा दाबणे, लिव्हरला ३, पेडलवर २०, लॉकनट, चौथ्या गिअरची चाचणी, रिव्हर्सची चाचणी. घाटात तापलेल्या प्लेटविषयी मला धाकधूक होती, पण ती घसरत नव्हती आणि सुटताना थरथरतही नव्हती, म्हणून केवळ शंकेपोटी गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च मी सरांना सुचवला नाही.

निघण्यापूर्वी मी सरांना सहा इंची पट्टी दिली आणि पेडलवरचा फ्री प्ले हाताने कसा मोजायचा ते दाखवले : पायाने नाही, कारण पायाला पहिला हलका विरोध कळत नाही, पॅडच्या मधोमध दोन बोटे, जिथे पेडल एकदम भारी लागते तिथे थांबायचे. ज्या माणसाने आयुष्यभर हजेरीपट काटेकोर ठेवला त्याला हे पुन्हा सांगावे लागले नाही. पेट्रोलच्या नोंदींच्या वहीत त्यांनी एक नवा रकाना आखला आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आकडा लिहू लागले. नोव्हेंबर २०१९ ला २०. मार्चला २०. त्यानंतर टाळेबंदीत गाडी जवळजवळ उभीच होती. पुढे १९, मग बराच काळ १८.

२०२२ च्या फेब्रुवारीत आकडा १४ वर आला आणि सर पट्टी व वही घेऊन आपल्या त्याच जुन्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने सवयीने पाना आवळण्याच्या दिशेने लावला. सरांनी त्याचा हात धरला, वहीतला रकाना वरपासून खालपर्यंत दाखवला आणि प्लेट झिजत आली असल्याने नट सैल करायचा आहे, असे सांगितले. त्याने तीनदा स्वतः मोजले, लिव्हर हलवून पाहिला, नट दीड फेरा मागे घेतला आणि आकडा पुन्हा २० वर आल्यावर लॉकनट आवळला. पट्टी कुठे मिळते, हे त्याने सरांना जाता जाता विचारले.